माजरा, पंप लावतंय हां!

आबा परब रोज सकाळी मांजराला पाण्याची वेळ कळवतात. घरापुढच्या खळ्यात उभे राहून, घसा साफ करून, मोठ्याने: "माजरा, पंप लावतंय हां!" मांजर पायरीवर झोपलेले असते. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी वीज जाणार असली, मासेवाली वळणावर आली असली, की बातमी आधी मांजराला.

मी त्यांचा शेजारी. माझी नोकरी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात गेली. पण आबांइतका कडक तपासनीस भेटला नाही. ते कोर्टात शिपाई होते. निवृत्तीनंतर तिथले एक वाक्य घरी घेऊन आले: "पुरावो खंय?" मासेवाली बांगडा ताजा म्हणाली, की बांगड्याचा कल्ला उघडून उलटतपासणी. जावयाने मुंबईहून फोनवर तब्येत बरी असल्याचे सांगितले, तरी "पुरावो खंय?"

त्यांच्या घराच्या मध्यावर चिऱ्यांची भिंत आहे. पलीकडे धाकटा भाऊ वसंत राहतो. विहीर आणि पंप सामाईक, पंपाचे बटण मात्र आबांच्या खळ्यात. दोघांत अबोला, तो एका फणसाच्या वाटणीवरून. फणस वादळात पडला. अबोला उभा आहे.

मागे एकदा वाचनालयाने शाळेच्या सभागृहात एक मराठी सिनेमा दाखवला. घरातलीच गोष्ट. मुलाने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून आई त्याच्याशी बोलत नाही. जेवण वाढल्याचे ती चुलीवरच्या पातेल्याला सांगते. मुलगा मुकाट्याने येऊन बसतो.

सिनेमा संपताच आंतोन उठला. तो पर्यटकांना बोटीने फिरवतो आणि मोबाइलवर सिनेमांची परीक्षणे करतो. त्याने तिथेच चित्रण सुरू केले.

"खंयची आवस पातेल्याक सांगता रे? पेजेसारखो फुळकवणी सिनेमा. खऱ्या घरात माणसा अशी वागणत नाय!"

लोक हसले. मीही हसलो.

आबा उठले. "वागतत. सिनेमा खरो आसा."

"काकानू," आंतोनने मोबाइल त्यांच्याकडे वळवला, "पुरावो खंय?"

हशा वाढला. आबांचा चेहरा लाल झाला. या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती.

"मी आसंय पुरावो," ते म्हणाले. "मी माजराक सांगतंय, पंप लावतंय. माजराक कित्याक होयो पंप? भिंतीपलीकडे माझो भाव आसा. मी सांगितलंय काय तेच्या बादलीचो आवाज येता. तो आवाज आयकान मी चाय पितंय. आता सांग, सिनेमा खोटो?"

हसणे थांबले. आंतोनने मोबाइल खाली केला. "काकानू, माका ठावक नव्हता..."

आबांचे लक्ष तेव्हा मागच्या बाकाकडे गेले. तिथे वसंत बसला होता. मान खाली घालून तो उठला आणि बाहेर पडला. आबाही निघाले. घाईत एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्या कुणाची घालून गेले. कोणी हाक मारली नाही. बाहेर पडताना आम्ही एकमेकांकडे पाहणे टाळले.

त्यानंतर खळ्यातून आवाज बंद झाला. पंप न सांगता सुरू होई, न सांगता थांबे. गावाला अर्थ कळलेला निरोप आता मांजरालाही देता येत नव्हता. सिनेमा खरा ठरवण्यात आबांनी भावाशी बोलण्याची एकमेव सोय घालवली होती. मासेवालीने बांगडा ताजा म्हटले, तर ते मुकाट्याने घेत. मासेवाली घाबरली. "आबानू, बरा नाय काय?" तिने विचारले.

एका सकाळी मी दात घासत होतो. आबा पंपाच्या बटणाजवळ नुसतेच उभे होते. भिंतीपलीकडून कुणीतरी घसा साफ केला. आवाज सवयीचा नव्हता. पहिला शब्द अडखळला.

"माजरा... बादली लावलंय हां. पंप लाव म्हणान सांग."

आबांनी बटण दाबले. मग बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मांजर तेव्हा आमच्या ओट्यावर झोपले होते.