लाल चिठ्ठीचं कपाट

"बाबा, लोखंड हे कुठलं नाउन?"

"जड," दादा म्हणाले.

दादांच्या आठवीतल्या मुलीने कपाळावर हात मारून घेतला. "मटेरियल! ज्याच्यापासून वस्तू बनते ते मटेरियल नाउन. किती वेळा सांगू?"

दादांची इंग्रजीची परीक्षा सोमवारी होती आणि ही तिसरी खेप होती. या वेळी नापास झाले की निवृत्तीपर्यंत कारखान्याच्या स्टोअरमध्ये मदतनीस म्हणूनच राहायचं. दादा म्हणजे बावीस वर्षं खणात न बघता हात घालून बारा नंबरचा बोल्ट काढणारा माणूस. पण स्टोअरकीपर व्हायचं तर बोल्ट कुठं ठेवलाय हे कोणी विचारत नव्हतं. बोल्ट हे कुठल्या जातीचं नाम, ते सांगा म्हणत होते. ज्याने हा नियम काढला त्याला एक दिवस त्या स्टोअरमध्ये सोडायला हवा होता. जेवणाच्या सुट्टीच्या आत रडत बाहेर आला असता.

"हे असं घोकून माझ्या डोक्यात शिरत नाही," दादा म्हणाले. "मी माझ्या पद्धतीने करतो. तू बघच."

दादांची पद्धत म्हणजे चिठ्ठ्या. स्टोअरमधल्या प्रत्येक मालाला सुतळीने रंगीत चिठ्ठी बांधलेली असे. हिरवी म्हणजे चालू माल, पिवळी म्हणजे दुरुस्तीचा, निळी म्हणजे नवा, आणि लाल म्हणजे भंगार. ही शिस्त दादांनीच लावलेली. चिठ्ठी बांधली की विषय संपला, कोणी तोंड उघडायचं नाही. एकदा एका इंजिनिअरने लाल चिठ्ठीचा पंप परत मागितला, तर दादांनी त्याला दारातूनच हाकलला होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दादा कामाला लागले. कॉमन नाउनला हिरवी: बादली, शिडी, पाना. किल्ल्यांच्या जुडग्याला पिवळी, कारण तो कलेक्टिव्ह. एका लेथ मशिनला कामगारांनी 'म्हातारी' असं नाव ठेवलं होतं. तिला निळी, प्रॉपर. ॲब्स्ट्रॅक्टपाशी जरा गाडी अडली. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला सुतळी बांधायची कुठं? तो प्रकार दादांनी तोंडी करायचा ठरवला. उरली लाल, ती मटेरियलला. लाकडी खुर्चीला लाल, रबरी पट्ट्याला लाल, काचेच्या घड्याळाला लाल. आणि साहेबांच्या ऑफिसात रंगकाम चाललं होतं म्हणून त्यांचं स्टीलचं कपाट आठवडाभर स्टोअरमध्ये येऊन उभं होतं, त्यालाही एक ठसठशीत लाल.

दादांनी लांबून पाहिलं. पाची प्रकार डोक्यात असे बसले होते की हलवून निघाले नसते. सुट्टी संपली की चिठ्ठ्या सोडायच्या, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, परीक्षेच्या फॉर्मवर सही राहिलीय. दादा गेले.

भंगारवाल्याचा ट्रक यायचा शनिवारी. पण शनिवारी त्याला गाडी गॅरेजला लावायची होती, म्हणून तो शुक्रवारीच आला. त्याने लाल चिठ्ठ्या पाहिल्या, माल उचलला आणि गेला. कोणाला काही विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हे त्याला दादांनीच शिकवलं होतं.

सही करून दादा परतले, तर त्यांच्यामागोमाग साहेबही आले. "दादा, माझं कपाट कुठंय?"

दादांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी. "गेलं वाटतं, साहेब."

"गेलं? कपाटाला काय पाय फुटले? अहो, सोमवारची प्रश्नपत्रिका आहे त्यात! सीलबंद!"

दादा सायकल काढून सुटले ते थेट भंगाराच्या वखारीत. कपाटाचं कुलूप तोडून झालं होतं. पत्रा एका बाजूला, रद्दी एका बाजूला. पाकीट सापडलं, पण उभं फाडलेलं.

"तुमचीच लाल चिठ्ठी होती की दादा," भंगारवाला म्हणाला. "तुमच्या चिठ्ठीवर आपण कधी बोललोय का?"

प्रश्नपत्रिका अर्धी बाहेर आली होती. दादांनी तोंड फिरवलं, चाचपडत ती आत सारली, पाकीट सुतळीने करकचून बांधलं आणि साहेबांच्या टेबलावर आणून ठेवलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "असं करू या. डिंकाने चिकटवतो. कोणाला कळायचं नाही. तुम्ही पाहिली असेलच, मग तर चांगलंच की! पास व्हाल."

"पाहिली नाही."

"मग आता पाहा."

"साहेब," दादांचा आवाज चढला, "बावीस वर्षांत मी भंगारातला माल चालू म्हणून कोणाच्या हातात दिला नाही. हा पेपर भंगारात गेलाय. दुसरा मागवा. चूक माझी, मी तसं लिहून देतो."

दादांनी लिहून दिलं. साहेबांनी ते फाडून टाकलं. कुलूपबंद ठेवायचा कागद उघड्या स्टोअरमध्ये कोणी ठेवला, हा प्रश्न आधी आला असता ना! कपाटात पाणी शिरून पेपर भिजला, असं त्यांनी वर कळवलं.

नवा पेपर महिन्याने आला. दादा ताठ मानेने बसले. पेपर उघडला, तर त्यात नाउनवर एकही प्रश्न नाही! सगळी क्रियापदं. सोडवत सोडवत शेवटी निबंधाशी पोचले: 'तुमच्या कामाच्या ठिकाणी घडलेला एक प्रसंग.' तीस मार्क.

दादांनी सगळं लिहिलं. चिठ्ठ्या, ट्रक, स्वतःचा गाढवपणा, डिंक, पाणी. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. लपवायला लागतं तेवढं इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतंच.

निकाल लागला. अडतीस मार्क, पस्तीसला पास. तपासणाऱ्याने निबंधाखाली शेरा मारला होता: भाषा सदोष, मजकूर स्पष्ट. त्याच टपालात साहेबांच्या नावानेही एक पाकीट होतं.

दुसऱ्या दिवशी नव्या स्टोअरकीपरच्या खिडकीत साहेब उभे राहिले. घसा खाकरला. "दादा, वरून खुलासा मागितलाय. इंग्रजीत. दोन पानं. माझं जरा… तुम्ही बसता का सोबत?"

दादांनी स्टूल पुढे सरकवलं, कोरा कागद दिला, पेन दिलं.

"लिहा. पाणी वगैरे घालू नका त्यात. खरं लिहायला घेतलं की इंग्रजी सोपं जातं, साहेब. मला अडतीस पडले."