नंदुरबारात न चालणारे नाणे

हबीब कल्हईवाल्याच्या हातात पैसा टिकत नाही, हे नंदुरबारच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याच्या बायकोला सगळ्यांत जास्त. म्हणून जन्नतबी बहिणीच्या बाळंतपणाला सेंधव्याला निघाली, तेव्हा तिने ओढणीच्या गाठीतून अर्ध्या आण्याचे एक तांब्याचे नाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्यावर इंदूरच्या यशवंतराव महाराजांचा तरुण मुखडा होता. सेंधवा होळकरांच्या मुलखात, नंदुरबार इंग्रजांच्या. तिकडचे तांबे इकडे कोणी घेईना.

"हाईच तुम्हना हातमा टिकी," ती म्हणाली. "मी नही तवलोंग देखत ऱ्हा."

महिन्याभरात येते म्हणून गेलेली बाई पाच महिने आली नाही. बाळंतीण उठली, पोर बाळसे धरू लागले. माहेरी गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्याने जायचे असते, ही साधी गोष्ट या भल्या माणसाच्या डोक्यातच आली नाही. ती येते म्हणाली होती ना, मग तो वाट पाहत बसला. भात्याजवळ नाणे ठेवून तो काम करी, आणि तिच्या आठवणीने त्याला जेवण गोड लागत नसे.

एक दिवस नाण्यावरचे महाराज काळवंडलेले दिसले. जन्नतबी म्हणेल, एवढेही सांभाळता आले नाही. कल्हईवाल्याला काळेपणावर इलाज एकच ठाऊक. त्याने नाणे घासले, तापवले, नवसागर टाकून वर कथील फिरवले. महाराज नव्या रुपयासारखे चकाकू लागले.

त्याच दिवशी तोरणमाळहून फुलीबाई उतरली. तिच्या लेकीचे लग्न होते आणि गळ्यातल्या हारासाठी रुपयांना कड्या लावायच्या होत्या. सोनार महाग, हबीब स्वस्त. त्याने समोरच्या ढिगातल्या एकेका नाण्याला कडी डागून दिली. हात कामावर होते, मन सेंधव्यात. महाराजही ढिगात गेले, हे त्याच्या लक्षात आले तेव्हा फुलीबाई शहाद्याच्या पुढे पोहोचली होती.

घराला कुलूप घालून तो मागोमाग निघाला. घाट चढून तोरणमाळला पोहोचला तर ढोल वाजत होते आणि नवरीच्या गळ्यात, हाराच्या ऐन मध्यावर महाराज विराजमान होते. बाकीच्या रुपयांवरचा बादशहा दाढीवाला आणि म्हातारा. हा एकटाच तरुण, म्हणून मधली जागा त्याला मिळाली होती. वऱ्हाडातल्या बायका येऊन येऊन पाहत होत्या.

आता मागायचे कसे? नाणे तांब्याचे आहे म्हणावे, तर नवरीकडच्यांची चारचौघांत शोभा होणार. हबीब मांडवाच्या कडेला जाऊन बसला. लोकांनी त्याला पाहुणा समजून तीन दिवस जेवू घातले. चौथ्या दिवशी, वऱ्हाड नवरीला घेऊन गेल्यावर, त्याने फुलीबाईला बाजूला घेऊन सगळे सांगितले. ती हसली नाही. नाणे कोणी दिले, का दिले, एवढे तिने नीट विचारून घेतले.

"राजा ते पोरना संगे गया," ती म्हणाली. "पन तुन्ही बायको सेंधवामा शे, आन तू आठे डोंगरमा काय करी ऱ्हायना?"

आधी घरी जाऊन धड कपडे घालावेत आणि मग सेंधवा गाठावे, असे ठरवून तो लंगडत उतरला. दारात पोहोचतो तर शेजारची खातून वाटच पाहत होती. जन्नतबी आली होती म्हणे. दिवसभर ओट्यावर कुलपासमोर बसली आणि दुसऱ्या सकाळी परत गेली.

"काही बोलनी का?" हबीबने विचारले.

"पाच महिनामा लेवाले उना नही, आन मी उनी ते घर बी नही, इतलंच बोलनी."

हबीबने कुलूप उघडलेच नाही. शहादा, खेतिया करत, कधी बैलगाडीत, कधी पायी, तो तिसऱ्या दिवशी सेंधव्याला पोहोचला. जन्नतबी दारातच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिले. पाच महिने घोकून ठेवलेले सगळे बोलणे तिच्या ओठावर आले असावे, पण तिची नजर त्याच्या फोड आलेल्या पायांवर गेली.

"इतलं कोठे फिरनात?"

"तुलेच लेवाले निंघनू व्हतू," हबीब म्हणाला. "वाट चुकनू."

नंदुरबारहून सेंधव्याची वाट सरळ आहे, हे तिला चांगले ठाऊक होते. तिने सूप बाजूला ठेवले आणि पाणी तापवायला आत गेली.