साहेबांचा चांदीचा पाय

गुपित कसं राखावं हे माझ्याकडून शिकावं! पालो ब्लांकोच्या नगरपालिकेत बावीस वर्षं सचिव आहे मी. तीन महापौर आले नि गेले, पण कुणाच्या पोटातलं माझ्या ओठावर आलं नाही. त्यामुळे सध्याचे महापौर एवारिस्तोसाहेबांनी केबिनचं दार लावून, "निकानोर, मला मूळव्याध झालीय," असं सांगितलं, तेव्हा मी नुसती मान डोलावली.

ऑपरेशन सीमेपलीकडे, ग्वाटेमालात करायचं ठरलं. आमच्या गावात दवाखाना एकच, आणि तिथली नर्स म्हणजे साहेबांची मेहुणी. तिला सकाळी कळलं असतं तर जेवणवेळेपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं. उद्या आपण भाषणाला उभे राहिलो की लोक काय आठवून हसतील, या धास्तीनं साहेबांची झोप उडाली होती. दुखण्यापेक्षा त्याचाच ताप जास्त. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, साहेब, तुम्ही निर्धास्त जा.

'प्रकृतीच्या कारणास्तव महापौर परदेशी गेले आहेत,' असा कागद मी दारावर लावला आणि घरी जाऊन निवांत झोपलो.

तिथेच चुकलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, की दुखणारा अवयव बोटाएवढा चांदीत घडवून घेतात आणि देवळात सान रोके या संताच्या मूर्तीच्या झग्याला लाल फितीनं टाचतात. गुडघा धरला तर पाय, मोतीबिंदू झाला तर डोळे. गाय आटली तर चांदीची गायसुद्धा लटकते. चार दिवस झाले तरी साहेबांच्या नावानं संताला काहीच लागलेलं नाही म्हटल्यावर उपमहापौर एर्मिलो बाजारभर सांगत सुटला, की आजारबिजार सगळं झूट, स्वारी तिकडे मजा मारतेय! रविवारी सभा घेऊन महापौरपद आपल्याकडे घेणार, असंही तो म्हणाला.

मी तडक चांदीचं काम करणाऱ्या क्रिस्पिनाबाईंच्या दुकानात गेलो. बाई ऐंशीच्या पुढच्या. गावात कुणाचं काय दुखतं हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळतं.

"काय दुखतंय साहेबांचं?" त्यांनी ट्रे पुढे सरकवला.

ट्रेमध्ये हृदयं होती, कान होते, मूत्रपिंडसुद्धा होतं. हवं ते नव्हतं, आणि असतं तरी मी कुठल्या तोंडानं मागणार होतो?

"जरा... खालच्या बाजूला," मी म्हणालो.

"पाय?"

"पायाच्या वर."

"मांडी?"

"पायच द्या," मी घाम पुसत म्हणालो.

तो मी संताला टाचला, आणि संध्याकाळपर्यंत गावानं साहेबांचा पाय कापायचा ठरवलासुद्धा! बायकांनी नऊ दिवसांची प्रार्थना मांडली. सुतार नगरपालिकेच्या पायऱ्या मोजून गेला, म्हणाला उतार करावा लागेल. मला वाटलं, दुसरं काही टाचलं तर लोक पाय विसरतील. संताला दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून मी पायाशेजारी एक हृदय टाचलं. झालं! विष पायातून हृदयापर्यंत चढलं असा गावानं निकाल दिला. पाद्रीबाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की साहेबांचा अखेरचा विधी तिकडेच उरकला का? एर्मिलोनं डोळे पुसत पुसत नव्या सुटाचं माप दिलं.

शेवटी मी साहेबांना फोन केला. ते पालथे पडले होते. मी सगळं सांगितलं.

"डॉक्टर म्हणतात तीन आठवडे हलू नका," ते म्हणाले. "मी रविवारी येतो."

आणि आले! बसता येत नव्हतं म्हणून मालाच्या गाडीत मागे, दांडी धरून, पाच तास उभे राहून आले. चौकातून पाहणाऱ्याला वाटावं, लढाई जिंकून सेनापती परततोय. दोन्ही पाय शाबूत बघून लोकांनी घंटा वाजवायला घेतली, बँडही सुरू झाला. एर्मिलोचा चेहरा पडला. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात बायकांनी फुलांनी सजवलेली चाकांची खुर्ची पुढे ढकलली.

साहेब नको नको म्हणत होते. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसानं उभं राहू नये, असं म्हणत दोन म्हाताऱ्यांनी त्यांना मायेनं धरलं आणि मायेनंच खाली दाबलं. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं बँड थांबला.

ते कसेबसे उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं.

"माझे पाय ठीक आहेत. हृदय ठीक आहे. मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय माझं. लाज वाटली, म्हणून लपवलं."

कुणी हसलं नाही. क्रिस्पिनाबाईंनी खुर्ची मागे ओढली.

"अरे लेकरा, माझा नवरा सत्तावीस वर्षं उभ्यानं जेवला," त्या म्हणाल्या. "सांगायचं नाहीस होय?"

मग एर्मिलो पुढे झाला. मला वाटलं, आता हा डाव साधणार. त्यानं साहेबांना खांबाआड नेलं आणि हळूच डॉक्टरचं नाव विचारलं. त्याच्यामागे बँडमधला तुतारीवाला जाऊन उभा राहिला, त्याच्यामागे पाद्रीबाबा. सभा राहिलीच. दुपारी साहेबांनी मला यादी करायला बसवलं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना एकाच गाडीनं पलीकडे पाठवायचं ठरलं.

एकतीस नावं झाली. एर्मिलो, तुतारीवाला नि पाद्रीबाबा तर चौकानंच पाहिले, बाकीची मी मेलो तरी सांगणार नाही. पहिलं तेवढं सांगतो, कारण त्याला कुणाची परवानगी लागत नाही: निकानोर, नगरपालिका सचिव. बावीस वर्षं बसूनच काम आहे हो!