पहिल्या घोटाचा मान

एका जंगलात, बाळांनो, पाणी थोडं होतं आणि मानपान उदंड.

उन्हाळा आला की तिथे एकच पाणवठा उरायचा. नियम असा, की ज्याचं घराणं सगळ्यात जुनं, त्याने पहिला घोट घ्यायचा. तोवर बाकीच्यांनी गुपचूप उभं राहायचं. शिवाय मानकऱ्याने स्वतः चालत यायचं. कुणी पाठीवर बसवून आणलं, तर मान गेला. हा नियम कुणी केला म्हणता? अरे, ज्याला पहिला घोट मिळत होता त्यानेच! एवढंही मीच सांगायचं का?

तर तो मानकरी म्हणजे वाघ, भीमनख महाराज. महाराज दुपारपर्यंत झोपायचे. मग जांभया, मग मिशा, मग पाणवठा. तोवर अख्खं जंगल उन्हात रांग लावून उभं. रांगेत सगळ्यात शेवटी साळूताई साळिंदर आणि तिची दोन पिल्लं. त्यांची पाळी येईपर्यंत नुसता चिखल उरायचा. त्या वर्षी तर तिच्या धाकट्याला उभंही राहवेना.

साळूताई पुढे आली. काटे उभे, आवाज त्याहून उभा.

"महाराज, तुमचं घराणं सगळ्यात जुनं, हे कशावरून?"

महाराजांनी बखरपंतांकडे पाहिलं. बखरपंत म्हणजे दरबारी इतिहासकार, जातीचा कोल्हा. महाराजांनी शिंक दिली तरी तिच्यात परंपरा शोधणारा.

"कशावरून म्हणजे? खणून दाखवतो!" पंत म्हणाले. "गाळावर गाळ साचतो. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. मेलेल्यांची हाडं त्यात दबतात आणि दगड होऊन बसतात. ज्याची खूण सगळ्यात खाली, त्याचं घराणं सगळ्यात जुनं. मंजूर?"

"मंजूर!" महाराज गरजले. सगळ्यांसमोर पंजा उमटवून मोकळेसुद्धा झाले.

डोंगराच्या पायथ्याची उभी दरड खणायला घेतली. खणायला कोण? अर्थात साळूताई. तक्रार करणाऱ्यालाच कामाला लावायची पद्धत त्या जंगलातही होती.

पहिल्याच थरात वाघाचा दात निघाला. काय तो जल्लोष! माकडांनी फांद्या हलवल्या. हत्तीने सोंड वर केली.

इथे थांबायचं की नाही? पण नाही! पंतांना चेव चढला. "अजून खाली! खाली महाराजांचे पणजोबा असतील!"

खालच्या थरात पणजोबा नव्हते. अवाढव्य जबड्याचा एक तुकडा होता. त्यातला एकेक दात महाराजांच्या पंजाएवढा.

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

"सरडा असावा," पंत चाचरत म्हणाले. "जरा थोराड. त्या काळचे महाराज म्हणायला हरकत नाही."

"मग गेले कुठे?"

पंतांनी जबड्यावर साचलेल्या मातीच्या थरांकडे बोट दाखवलं. महाराजांनी दोन पावलं मागे घेतली. खरं सांगू? त्या क्षणी मला त्यांची दया आली. एवढा मोठा वाघ, पण चेहरा अगदी पडला होता.

"अजून खणा," ते हळूच म्हणाले. "खाली आपलं कुणीतरी असेल."

खाली नेच्याची पानं निघाली, दगडात नक्षी काढल्यासारखी. त्याच्या खाली मासे. काटान् काटा जागच्या जागी.

"डोंगराच्या पायथ्याशी मासे?" हत्ती चक्रावला. "म्हणजे इथे..."

"इथे समुद्र होता!" साळूताई खड्ड्यातून ओरडली. "अहो, एवढं पाणी होतं इथे! आणि आपण डबक्यासाठी रांगा लावतोय!"

सगळे हसले. तहानेने घसा सुकलेला असताना जेवढं हसता येतं तेवढं हसले.

रात्रभर खणून सकाळी लागलेल्या अगदी तळाच्या थरात वाघ नव्हता, हत्ती नव्हता, पंतांचा तर पत्ताच नव्हता. होते नुसते शंख. छोटे, गोल गोल वळणाचे.

सगळ्यांच्या माना हळूहळू एका दगडाकडे वळल्या. त्यावर मंदाकिनीबाई गोगलगाय बसल्या होत्या. पाठीवर हुबेहूब तसाच शंख.

"अगं बाई! आमची माणसं!" मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांना भरूनच आलं.

झालं! पंजा उमटवलेला. पहिला घोट मंदाकिनीबाईंचा. आणि मानकऱ्याने स्वतः चालत जायचं.

मंदाकिनीबाई निघाल्या.

सकाळी निघालेल्या बाई, ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारच्या दगडापर्यंत पोचल्या होत्या. वाटेत एका पानाची चौकशी केली. मग जरा टेकल्या. रांगेत महाराज उभे. आयुष्यात पहिल्यांदा उभे! जीभ बाहेर, डोळे पांढरे.

"बाई, जरा लवकर..." महाराज कळवळले.

"येते हो. मानाचं चालणं आहे, घाई बरी दिसत नाही."

साळूताईचा धाकटा आता मान टाकून पडला होता. महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं. रोज तो तिथेच असायचा, पण महाराज कधी रांगेत नसल्यामुळे दोघांची गाठ पडली नव्हती.

"पाणी," पिल्लू पुटपुटलं.

"हो ना रे," महाराज म्हणाले. मग अशी डरकाळी फोडली की दरडीची माती ढासळली. "पंत! हा मान आजपासून बंद! जो आधी येईल तो आधी पिईल. लहान पोरं सगळ्यांच्या आधी!"

साळूताईने धाकट्याला तोंडात धरलं आणि धूम ठोकली. पिल्लाने नाकापर्यंत तोंड पाण्यात घातलं. शेजारी हरणं, माकडं, आणि स्वतः महाराज. कुणाच्या आधी कोण, कुणालाच आठवेना.

मंदाकिनीबाई दुसऱ्या दिवशी पोचल्या.

"अहो, मला तहान नव्हतीच," त्या म्हणाल्या. "माझं पानावरच्या दंवात भागतं. तुम्ही एवढा मान दिलात, मग नाही कसं म्हणायचं?"

तात्पर्य: बाळांनो, घराण्याचा इतिहास जरूर खणावा. फक्त आपला दात सापडला की लगेच कुदळ खाली ठेवावी.