समेवरचा धोंडा

दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली माणसं डोंगरावर धोंडा चढवत होती, आणि काम लांबलं म्हणून नगरपालिकेने त्यांना नोटीस दिली. आज संध्याकाळपर्यंत धोंडा माथ्यापलीकडे गेला नाही, तर भिंतीला चुना.

धोंडा म्हणजे माणसाचं दुःख, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. पण वजनाला तो धोंडाच होता. चित्रकाराने चित्र गाणं ऐकत काढलेलं. त्यामुळे आत सारखा तबला वाजायचा. तालाची पहिली मात्रा, म्हणजे सम आली, 'धा' पडला, की सगळे एकदम जोर लावायचे. मग पुढच्या समेपर्यंत नुसतं धरून राहायचं.

हेमलता लेकीला, मुक्ताला, डोस द्यायला आली होती. नंबर यायचा होता, म्हणून भिंतीसमोरच्या बाकावर बसून ती ऐकत होती.

"साहेब, ही विलंबित लय आहे, संथच चालायची," चित्रातला म्हातारा सांगत होता. "खाली कोपऱ्यात लिहिलंय बघा."

"तेच म्हणतो मी," नगरपालिकेचे पाठारेसाहेब म्हणाले. "विलंब झालाय हे तुम्हीच लिहून दिलंय. आणि ती सम कोण? तिला लवकर बोलवा."

"सम बोलावून येत नसते, साहेब."

"मग चुना येईल."

हे ऐकून चित्रातली एक बाई हेमलताकडे वळली. कडेवर तान्हं घेऊन ती एकाच हाताने धोंडा रेटत होती. "ताई, एवढं धराल का? दोन्ही हात लागले तर जाईल तो."

हेमलता पुढे वाकून बघायला लागली. दुसऱ्याचं लेकरू, मान तरी धरतंय की नाही! "डोस झालेत का त्याचे?"

"चितारलेल्या पोराला कोण देतंय डोस? धरा हो, सम आली!"

हेमलताने मुक्ताला एका मांडीवर सरकवलं आणि हात पुढे केले. पोर भिंतीतून अलगद बाहेर आलं. बाईने पदर खोचला. 'धा' पडला. धोंडा हलला, माथ्यावर जरा अडखळला आणि पलीकडे गेला. मागोमाग माणसंही गेली.

"अहो बाई, पोर!"

"उतार लागलाय, ताई! लय द्रुत झाली, थांबता येईना! आलेच!"

आवाज तबल्याबरोबर लांब गेला. हेमलता दोन्ही पोरं घेऊन भिंतीमागे धावली. तिथे पाण्याची टाकी होती. परत आली, तर साहेब 'काम पूर्ण' असा शेरा मारून निघाले होते.

"साहेब, ह्या पोराचं काय?"

"ते नोटिशीत नाही, बाई."

पोर रडायला लागलं. हेमलताने आधी त्याचं कपाळ चाचपलं. ताप नव्हता, रंग तेवढा ओला होता.

"जुळी का?" नर्सने दारातून विचारलं.

"नाही. ह्याची आई उतारावर आहे," हेमलता म्हणाली, आणि पदर पुढे ओढून तिने त्याला पाजायला घेतलं.