लाल फुली

रंभाजीतात्या माणसाच्या तोंडाकडे नाही, तोंडात बघायचे. पहिल्या भेटीत मी हसून "या, बसा" म्हणाले, तर हे आपले वाकून माझे दात न्याहाळतायत. आमच्या डॉक्टरांशी ओळख करून दिली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब हुशार हाय, पन अजून चार दाती हाय वं ताई. सगळं दात जुळायला येळ लागंल."

घोडेगावच्या बैलबाजारात दलाली करण्यात त्यांची हयात गेली. जनावर असो की माणूस, आधी दात, म्हणजे वय कळतं, मग डोक्यावरचा भोवरा, मग खोड. एवढं पाहून झालं की बोलायला सुरुवात. आमचे डॉक्टर पस्तिशीचे, चष्मेवाले. तात्यांच्या हिशेबी ते अजून गोऱ्हेच होते.

मी तेव्हा नगरमध्ये मेंदूवरच्या एका संशोधनात मदतनीस होते. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडाला अजून नगरच येतं.) काही माणसांना एखादी गोष्ट थांबवताच येत नाही. हात धुतला तरी पुन्हा धुवावा लागतो, कडी लावली तरी दहादा उठून बघावी लागते. अशा आजारात डोक्यातलं 'थांब' म्हणणारं काम कसं चालतं, ते आम्ही स्कॅनच्या मशीनमध्ये बघत होतो. तुलनेसाठी त्याच वयाची, तेवढीच शिकलेली, पण आजार नसलेली माणसंही हवी होती. आणि तीच मिळेनात! सातवी शिकलेला, साठीला टेकलेला धडधाकट माणूस मशीनच्या त्या बोगद्यात डोकं घालायला तयार होईल तर शपथ. तात्या मात्र आपणहून आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "निरोगी डोकं पायजे म्हनं. हे घ्या."

आता मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. तात्यांच्या कमरेला चांदीचा करदोडा. "सासऱ्यानं लग्नात घातलाय. कमरंचा सुटला न्हाई कदी." अर्धा तास हुज्जत घातली बाई मी! शेवटी त्यांनी तो काढला आणि माझ्या ओंजळीत ठेवून वर दम भरला, "सांभाळा. नायतर मंडळी घरात घ्यायची न्हाई."

काम सोपं होतं. पडद्यावर बाण डावीकडे वळला तर डावं बटण, उजवीकडे वळला तर उजवं. पण बाणावर लाल फुली उमटली, तर हात आवरायचा. दाबायचं नाही. खोलीत गारठा म्हणून मी त्यांच्या अंगावर ब्लँकेट घातलं, हातात बटणांची डबी दिली आणि बाहेर येऊन बसले.

दोन मिनिटांत माझ्या पडद्यावर नुसता गोंधळ. उजवं, उजवं, डावं, मग दोन्ही एकदम, मग थोडं थांबून पुन्हा उजवं. मी माइकवरून ओरडले, "तात्या, अहो काय करताय?"

आतून आवाज आला, "मधी बोलू नका ताई. सौदा चाललाय."

कपाळ माझं! बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव ठरतो आणि भोवती जमलेल्या पन्नास जणांना पत्ता लागत नाही. ब्लँकेटखाली हात गेला, तळव्याला काहीतरी लागलं आणि तात्यांच्या बोटांनी सवयीनं धंदा सुरू केला. बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाले, "लई पक्कं हाय तुमचं मशीन. तीनदा वाढवून दिलं, पन ह्या कानाचं त्या कानाला न्हाई." मी पोट धरून हसले. डॉक्टर हसले नाहीत, कारण तो अख्खा स्कॅन फुकट गेला होता.

दुसऱ्या खेपेला ब्लँकेट नको, स्वेटर घालू म्हणून ठरलं. मी फॉर्म भरत होते, तेव्हा तात्या सहज विचारावं तसे म्हणाले, "आमच्या आळीत एक बाई हाय. भांडी घासती, परत घासती. हात नुसतं सोलून निघाल्यात. मुद्दाम करत असंल का वं?"

"त्यांना डॉक्टरांकडे घेऊन या ना," मी म्हणाले आणि पान उलटलं. कोण बाई, तुमची कोण, किती वर्षं झाली, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. रोज माणसांना प्रश्न विचारायचा पगार घेत होते मी.

त्या दिवशी तात्यांनी कमाल केली. फुली दिसली की हात जागच्या जागी. इतका चोख स्कॅन आमच्याकडे आजवर झाला नव्हता. बाजारात ज्याचा हात आधी हलला तो बुडाला, असं त्यांनीच मग समजावून सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "वा तात्या! तुमच्यासारखं मनावर घेतलं ना, की कुणालाही थांबता येतं."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "कुनालाबी?"

"अहो, कुणालाही!" मी म्हणाले. हेडफोन पुसत होते मी तेव्हा. आयुष्यात एक वाक्य परत घ्यायची सोय असती, तर मी हे घेतलं असतं.

त्यानंतर महिनाभर तात्या आमच्यासाठी टेम्पोनं माणसं आणायचे. दारातूनच आवाज द्यायचे, "ताई, पाच नग आनल्यात! तपासून घेतल्यात. खोड न्हाई, बुजत न्हाईत." एकाच्या डोक्यावर दोन भोवरे होते म्हणून त्यांनी त्याला वाटेतूनच परत पाठवलं होतं. तो भूगोलाचा शिक्षक निघाला. आम्ही कळवळलो, पण तात्या म्हणाले, "दोन भवऱ्याचा मानूस मशीनला घालू न्हाई."

मग दोन महिने त्यांचा पत्ता नाही. आले तेव्हा माझ्या दातांकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून एक पांढरं फडकं काढून टेबलावर पसरलं. त्यावर लाल कापडाची भलीमोठी फुली शिवली होती.

"म्या घरी करून बघितलं, ताई."

आळीतली ती बाई म्हणजे त्यांची बायको, कौसाबाई. त्या मोरीकडे निघाल्या की तात्या हे फडकं घेऊन आडवे उभे राहायचे. "फुली दिसली. हात आवर!" सकाळ-संध्याकाळ तालीम. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी तात्यांनी त्यांची दोन्ही मनगटं धरून ठेवली आणि म्हणाले, "मी थांबलो का न्हाई? मंग तू का न्हाई थांबत? ताई म्हनल्यात, मनावर घेतलं की कुनालाबी येतं."

कौसाबाईंनी हात सोडवून घेतले, लुगड्यांची पिशवी भरली आणि कोपरगावला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मशीनला सांगा, म्या मनावर घिऊन घिऊन थकले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचं सगळं संशोधन याच गोष्टीवर होतं की नुसतं मनावर घेऊन हे थांबत नाही, आणि मी त्याच्या नेमकं उलटं बोलून त्या माणसाला घरी पाठवलं होतं. मी तात्यांना तसं सांगितलं. हा आजार आहे, त्या मुद्दाम करत नाहीत. औषधं आहेत, शिकलेल्या माणसाच्या हाताखाली हळूहळू करायचा सराव आहे. फडकी आडवी धरून आणि मनगटं आवळून काही होत नाही.

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं?" ते म्हणाले. रागानं नाही हो, साधं विचारलं.

मग त्यांनीच कौसाबाईंच्या भावाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुमी सांगा. माजं बोलनं तिला आता बाजारातलं वाटतं."

मी कौसामावशींना सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं मला वाटलं, मीच नाठाळ हाय." आणि मग, "ते हायत का तितं?"

तात्या दोन्ही हातांनी नको नको करत होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला. उभ्या बाजाराला बोलून गुंडाळणारा माणूस, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "हात कसं हायत तुझं?"

याला आता वर्ष होत आलं. कौसामावशी पंधरा दिवसांनी भावाबरोबर मानसोपचाराच्या ओपीडीत येतात. धुणं पुष्कळ कमी झालंय. घरी मात्र त्या परतलेल्या नाहीत. तात्या घोडेगावहून पहिल्या एसटीनं येतात, केसपेपर काढून ठेवतात, आणि त्या आल्या की तीन खुर्च्या सोडून बसतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, शेजारची खुर्ची रिकामी आहे की. जवळ जाऊन बसा."

"बसलो असतो," ते म्हणाले, "पन तिनं अजून बोलावलं न्हाई."