लेबलावरची शेवटची ओळ

पॅकिंगच्या मावशींनी चष्मा पुसून लेबल पुन्हा वाचलं आणि मर्चंडायझरबाईंना हाक मारली. शर्टाच्या आतल्या शिवणीत पांढरं लेबल होतं. त्यावर चार भाषांत धुण्याच्या सूचना होत्या आणि सगळ्यात खाली आपल्या भाषेत एकाखाली एक छापलं होतं : गार पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. आईंना सांगू नका.

“हे शेवटचं कपड्यासाठी आहे का?” मावशींनी विचारलं.

बाईंनी ती ओळ लगेच ओळखली. परदेशातल्या बायरशी मेलवर बोलणं, लेबलं छापून घेणं ही त्यांची कामं. महिन्यापूर्वी एका सकाळी त्या छापखान्याला फोनवर मजकूर सांगत होत्या. तेवढ्यात नवरा सासूबाईंची लोकरीची शाल घेऊन न्हाणीघरातून बाहेर आला. कढत पाण्यात धुतल्यामुळे ती मफलरएवढी झाली होती. “आईंना सांगू नका,” एवढंच बाई त्याला म्हणाल्या. छापखान्याने इमानेइतबारे तेही उतरवून घेतलं. छपाईचा नमुना तपासायला आला त्या दिवशी कापड उशिरा आल्यावरून भांडणं चालू होती, म्हणून बाईंनी न वाचताच ‘ओके’ कळवलं होतं.

आता सहा हजारांपैकी चार हजार शर्ट खोक्यांत गेले होते, अकरा वाजले होते आणि साडेपाचला ट्रक यायचा होता. ट्रक चुकला की बोट चुकणार, आणि मग माल विमानाने पाठवायचा तो कारखान्याच्या खर्चाने. नव्या लेबलांना छापखाना तीन दिवस मागत होता.

“जाऊ द्या की,” कटिंग मास्तर म्हणाले. “तिकडे आपली भाषा वाचणार कोण?”

“वाचणारे नसते तर त्यांनी छापायला सांगितली असती का?” बाई म्हणाल्या.

मास्तरांना हे पटलं. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. एक लेबल उसवायला दोन मिनिटं, हाताशी माणसं वीस, म्हणजे झाले दहा तास. शिवण पुन्हा घालणं त्यात धरलेलं नव्हतं. एरवी चाळीस माणसं असायची, पण समोर नवा कारखाना निघाल्यापासून निम्मी तिकडे गेली होती.

मालक येरझारा घालत होते. बाईही घालत होत्या, त्यामुळे दर फेरीला दोघांची मधोमध गाठ पडत होती.

“घरून माणसं बोलवा,” मालक शेवटी म्हणाले. “ज्याला सुई धरता येते त्याला बोलवा.”

बाईंनी नवऱ्याला फोन केला. त्याची सुट्टी होती. सुई धरता येत नाही हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आणि जिने तीस वर्षं घरी बसून ब्लाउज शिवले होते तिला सोबत घेऊन आला. बाई फाटकाकडे धावल्या, पण सासूबाई तोवर टेबलापाशी बसून लेबल वाचत होत्या.

“मला काय सांगायचं नाही?”

बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. खोटं रचायला वेळ नव्हता. “तुमची शाल आटली, आई.”

“ते त्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, बघू किती दिवस गप्प बसता ते.”

मुलगा कधी नव्हे ते खोकी मोजायला लागला.

“आणि उसवताय कशाला?” सासूबाईंनी लेबल बोटावर ताणलं. “ओळ शेवटची आहे ना? मग तेवढी कापा की.”

मास्तरांनी हिशोबाचा कागद घडी करून खिशात घातला आणि मान राखायला म्हणाले, “धागे निघतील.”

“नागमोडी कात्री नाही का तुमच्याकडे?”

आठ होत्या. चार हजार शर्ट खोक्यांतून परत बाहेर आले. बाईंच्या अंगठ्याला फोड आला, घाईत मास्तरांनी दोन शर्टांना भोकं पाडली, आणि पाच वाजताच ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटच्या खोक्याला मालकांनी चालत्या ट्रकमागे चालत चिकटपट्टी लावली.

दीड महिन्याने बायरचा मेल आला. बाईंनी तो मालकांना वाचून दाखवला. माल पोचला होता. तोकडं लेबल गिऱ्हाइकांना टोचत नव्हतं, म्हणून पुढेही तसंच हवं होतं. मात्र लेबलाची बचत झाल्यामुळे शर्टाचा दर कमी करावा, आणि हा बदल इतक्या झटपट जमला त्या अर्थी पुढचा माल दहा दिवस आधी द्यावा.

मालकांनी बराच वेळ कपाळ चोळलं. “हो म्हणून कळवा.”

“पण पुढच्या मालाचं कापडच अजून आलेलं नाही.”

“ते त्यांनी विचारलंय का?”